हर्डी-गर्डी आणि रिपरिप पाऊस

आज इंग्लंडमधल्या एका जुन्या किल्ल्याच्या आवारात दिवसभर तेराव्या शतकातला भाट झालो होतो. अंगात लोकरीचा झगा, डोक्यावर पाऊस. हातात हर्डी-गर्डी नावाचं तंतुवाद्य. त्यात गजाऐवजी दांड्यानं फिरवायचं चाक तारांवर घासतं. चाकाला राळ लावायची, तारांना घासतात तिथे कापसाचा पातळ पदर गुंडाळायचा. जास्त झाला की आवाज बसतो, कमी झाला की वाद्य किंचाळतं. त्यात तारा आतड्याच्या, ओल लागली की सूर सोडतात. गाणी तीन वाजवली, सूर तीस वेळा लावला!

त्या काळची अस्सल वाद्यं फारशी उरलीच नाहीत. नकला बनतात त्या शिल्पांवरून आणि चित्रांवरून. स्पेनमधल्या कॅस्टिलचा तेराव्या शतकातला राजा दहावा आल्फोन्सो याच्या दरबारातल्या ‘कांतिगास दे सांता मारिया’ या मेरीमातेच्या स्तुतिगीतांच्या हस्तलिखितात वादकांची सुंदर चित्रं आहेत. पण लाकडाच्या आत काय होतं, ते चित्र कसं सांगणार?

एका चिमुरडीनं विचारलं, “याची बॅटरी कुठे?” मी दांडा तिच्याच हातात दिला. खर्जाची तार घुमली आणि मला गावच्या भजनातली एकतारी आठवली.

रात्री आईचा फोन. “भर पावसात वाजवत होतास? निदान छत्री तरी घ्यायचीस!”

तेराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या भाटाकडे छत्री कुठली गं, आई!