बर्लिनला नाचायला जाताय? मग शनिवारी रात्री झोपा

बर्लिनच्या क्लबमध्ये जायची उत्तम वेळ म्हणजे रविवारची सकाळ. रात्रभर झोपून, अंघोळ करून, पोटभर पोहे खाऊन. पुण्यात कोणी मला हे सांगितलं असतं तर मी हसले असते. आपल्याकडे दीड वाजला की दिवे लागतात, वेटर बिल आणून ठेवतो आणि नाचणारे रिक्षा शोधायला लागतात. बर्लिनच्या बर्गहाइन या क्लबमध्ये मात्र शनिवारी मध्यरात्री सुरू झालेली ‘क्लुबनाख्ट’ (म्हणजे क्लबची रात्र) सोमवारी सकाळपर्यंत चालते. मधला अख्खा रविवार हीच खरी पार्टी. शनिवारी रात्री बाराला उत्साहाने जाऊन पहाटे पाचला गळपटून परत येणारे पर्यटक त्या पार्टीची फक्त प्रस्तावना बघून येतात.

मला हे ज्ञान मावसभावाकडून मिळालं. तो तिकडे मास्टर्स करतोय. माझं फ्रँकफुर्टला ऑफिसचं काम होतं, तिथून बर्लिन रेल्वेने चारेक तासांवर. फोनवर त्याने पहिली अट घातली, “ताई, शुक्रवारी थोडं, शनिवारी काहीच नाही, रविवारी सगळं. मान्य असेल तर ये.”

शुक्रवारचं ‘थोडं’ म्हणजे ट्रेझर. बर्लिनचा टेक्नो, म्हणजे यंत्रांवर घडवलेलं, एकसारख्या ठोक्याचं नाचायचं संगीत, समजून घ्यायचा तर सुरुवात इथूनच करावी असं माझं मत. बर्लिनची भिंत पडल्यावर १९९१ मध्ये हा क्लब लाइपझिगर श्ट्रासजवळ, वेर्टहाइम नावाच्या जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तिजोरीघरात सुरू झाला. पूर्व बर्लिनमध्ये तेव्हा मालक कोण हेच ठरलेलं नाही अशा रिकाम्या इमारती पडून होत्या, आणि पोरांनी त्यांत स्पीकर नेऊन ठेवले. संगीत मात्र बर्लिनचं नव्हतं. ते आलं अमेरिकेतल्या डेट्रॉइटहून, हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन या कृष्णवर्णीय तरुणांनी ऐंशीच्या दशकात घडवलेलं. ट्रेझरने डेट्रॉइटच्या कलाकारांना बोलावलं, त्यांच्या रेकॉर्ड काढल्या, आणि दोन शहरांची सोयरीक जमली. जुनी जागा २००५ मध्ये सोडावी लागली. २००७ पासून क्लब क्योपेनिकर श्ट्रासवरच्या एका जुन्या वीजघरात आहे. तिजोरीचे गंजलेले गज आणि लॉकर तिथून उचलून इथे आणलेत. लांबलचक अंधाऱ्या बोगद्यातून तळघरात उतरायचं, आत धुकं आणि लखलखणाऱ्या स्ट्रोब दिव्यांचे झटके, गजांपलीकडे डीजे. शेजारी कोण नाचतंय ते दिसत नाही, त्यामुळे मला कोण बघतंय हाही प्रश्न उरत नाही. चाळिशीच्या आसपासच्या बाईला ही फार मोठी सोय आहे. दम्याचा त्रास असेल तर मात्र तळघरात जपून. वर ‘ग्लोबुस’ नावाचा दुसरा मजला आहे, तिथे हवाही बरी आणि संगीतही थोडं मऊ. आम्ही तीनच्या सुमारास निघालो. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री भुयारी रेल्वे रात्रभर चालते, त्यामुळे टॅक्सीची गरज पडली नाही.

शनिवारी खरंच काही केलं नाही. ट्रेप्टोच्या बागेत स्प्रे नदीच्या काठाने फिरलो, सामान भरलं (रविवारी जर्मनीत बहुतेक दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांतली काही सोडून, दूध-ब्रेड शनिवारीच आणा), वरण-भात खाल्ला आणि दहाला झोपले. खिडकीखालून पोरांचे घोळके बाटल्या घेऊन निघालेले ऐकू येत होते. मन चलबिचल झालं, नाही असं नाही.

या शहरात रात्र संपत नाही त्याला एक सरकारी कारण आहे आणि ते मजेशीर आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर बर्लिनचे तुकडे झाले तेव्हा बार बंद करायच्या वेळांवरून पूर्व आणि पश्चिम भागांत चढाओढ लागली. १९४९ मध्ये पश्चिमेतला हाइन्त्स त्सेलरमायर हा हॉटेलवाला व्हिस्कीची बाटली घेऊन अमेरिकन कमांडंट फ्रँक हाउलीकडे गेला आणि वेळेचं बंधनच उठवून घेतलं. ती सूट टिकली. कोविडच्या काळात, ऑक्टोबर २०२० मध्ये, रात्री अकराला दुकानं-बार बंद करायचा आदेश निघाला तेव्हा शहराला सत्तर वर्षांनी बंदवेळ बघायला मिळाली. आपल्याकडचा इतिहास नेमका उलटा. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, आणि रात्रभर चालणारा सवाई गंधर्व दहाच्या घड्याळाला बांधला गेला. पहाटेचे राग पहाटे ऐकलेल्या पिढीतले माझे बाबा अजून त्यावर हळहळतात. त्यांना बर्गहाइन दाखवावं असं मला वाटत नाही, पण अवकाश मिळाला की कलाकार काय करतो हे त्यांना तिथे नक्की कळलं असतं. बाकी जगात डीजेला दीड-दोन तास मिळतात. त्यात तो हिट वाजवून मोकळा होतो. इथे चार तास सहज, शेवटची पाळी असेल तर त्याहून कितीतरी जास्त. बेन क्लॉक आणि मार्सेल डेटमान ही बर्गहाइनची घरची माणसं त्या लांब पल्ल्यावरच मोठी झाली. पहिला तास नुसता पाया घालण्यात जातो, आणि तो ऐकायला मजा येते कारण पुढे वेळ आहे हे तुम्हालाही माहीत असतं.

रविवारी साडेनऊला आम्ही ओस्टबानहोफला उतरलो. तिथून दहा मिनिटं चालत. समोर आली ती १९५० च्या दशकातली पूर्व जर्मनीची अवाढव्य वीज-उष्णता निर्मितीची इमारत. २००४ पासून बर्गहाइन तिथे आहे. त्याआधी याच मंडळींचा ‘ओस्टगुट’ नावाचा क्लब होता, आणि त्याचं मूळ समलिंगी पुरुषांच्या पार्ट्यांमध्ये. हे मूळ लक्षात ठेवून जा. आत कपडे कमी असतील, अंधाऱ्या खोल्या असतील, जोडपी कुठल्याही प्रकारची असतील. ज्यांना ते बघवणार नाही त्यांनी जाऊ नये, आणि ज्यांना तेच बघायला जायचंय त्यांनी तर अजिबात जाऊ नये.

आता दाराबद्दल, कारण प्रत्येकजण आधी तेच विचारतो. इथला दारवान स्वेन मार्क्वार्ट हा चेहऱ्यावर गोंदण असलेला माणूस स्वतः नावाजलेला छायाचित्रकार आहे, आणि त्याच्या नावावर इंटरनेटवर शंभर युक्त्या खपतात. काळे कपडे घाला, हसू नका, आजच्या डीजेचं नाव पाठ करा वगैरे. माझ्या मते यातलं शेवटचंच कामाचं, तेही पाठ करू नका. खरंच ऐकून जा. कार्यक्रमपत्रिका आधी जाहीर होते, निवांत बसून चार जणांचे सेट ऐका, आवडले नाहीत तर दुसरीकडे जा. बाकी सामान्य शहाणपण: दोघं-तिघंच जा, रांगेत दारू पिऊन गोंधळ नको, फोटो नको, विचारलं तेवढंच उत्तर द्या. मी साधी काळी सुती पँट, बनियनसारखा टॉप आणि जुने बूट घातले होते. कपाळावर टिकली होती, ती तशीच राहू दिली. रविवारी सकाळी रांग शनिवार रात्रीच्या मानाने किरकोळ असते. आमच्या पुढच्या सहा जणांच्या घोळक्याला नाही म्हटलं, आमच्याकडे बघून होकाराची मान हलवली. का ते विचारू नका. तिथे कोणीच सांगत नाही. परत पाठवलं तर हुज्जत घालू नका, शहरात दहा चांगली दारं आहेत. रुमेल्सबुर्गमधलं सिझिफोस त्यातलं एक: कुत्र्यांच्या बिस्किटांचा जुना कारखाना, मोठं अंगण, वीकेंडभर चालणारा आणि बराच खेळीमेळीचा.

दारातून आत गेलं की झडती होते, आणि ती कसून होते. सुट्या गोळ्या, मग ती क्रोसिन का असेना, खिशात ठेवू नका. फोनच्या पुढच्या-मागच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात. ते काढून फोटो घेतलात तर बाहेर. सुरुवातीला हात सारखा खिशाकडे जातो, मग विसरतो. प्रवेश २५ ते ३० युरोंच्या घरात. रोख पैसे ठेवा. ओळखपत्रही लागतं. मनगटावर शिक्का मारतात. बाहेर जाऊन परत यायचे त्या दिवशीचे नियम तिथेच विचारून घ्या.

मुख्य हॉलचं छत १८ मीटर उंच आहे. लोखंडी जिन्याने वर चढताना आधी छातीत ठोका लागतो आणि मग कानाला. फंक्शन-वन कंपनीचे स्पीकर चारही बाजूंना. आवाज प्रचंड, पण फाटलेला अजिबात नाही. शेजारच्याशी कानाजवळ जाऊन बोललं तर ऐकू येतं. आपल्या लग्नांतल्या डीजेसमोर अर्धा तास उभं राहिलं की डोकं उठतं, इथे तसं होत नाही. तरीही इअरप्लग हवेतच. संगीतकारांसाठीचे मिळतात ते घ्या, कापसाचे बोळे नकोत.

पण माझं मन रमलं ते वरच्या मजल्यावर, पॅनोरमा बारमध्ये. खाली टेक्नो कडक आणि वेगवान, वर ‘हाऊस’, टेक्नोचाच जवळचा नातलग, थोडा सैलसर. खिडक्यांना लोखंडी पट्ट्यांच्या झडपा आहेत. रविवारी दुपारी गाणं भरात आलं की त्या झडपा क्षणभर उघडतात, बाहेरचं लख्ख ऊन आत कोसळतं, सगळे ओरडतात आणि झडपा बंद. शनिवारी मध्यरात्री येऊन पहाटे परतणाऱ्यांना हे मिळणं शक्यच नाही. माझ्या शेजारी साठीतल्या एक आजी, पांढरे केस, पायात स्पोर्ट्स शूज, डोळे मिटून नाचत होत्या. मध्येच त्यांनी पंखा उघडला आणि मलाही वारा घातला. एक शब्द बोलल्या नाहीत.

शरीराचं गणित असं. तीन तास नाच, अर्धा तास बसा. बसायला कोपरे भरपूर आहेत, आइस्क्रीमचा काउंटरही आहे, आणि दुपारी तीनला पिस्त्याचं आइस्क्रीम खाण्यात लाज कसली. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. एक बाटली विकत घ्या आणि भरत राहा. बाटलीची अनामत रक्कम परत मिळते. दारू पिणारच असाल तर दोन बियरच्या मध्ये पाणी. बरेच लोक क्लुब-माटे नावाचं कॅफिनवालं थंड पेय पितात. पहिल्या घोटाला ते ओल्या गवतासारखं लागतं, दुसऱ्या बाटलीपर्यंत सवय होते. पायांत नवे बूट नकोत, हे बजावून सांगते. अंगात दोन थर घाला आणि वरचा कोट कपडेघरात द्या.

अमली पदार्थांबद्दल गप्प बसणं अप्रामाणिकपणाचं होईल. ते आजूबाजूला असतात, आणि गांजाचे नियम २०२४ मध्ये सैल झाले तरी बाकी सगळं बेकायदा आहे. परक्याने दिलेलं काही घेऊ नका, स्वतःचा ग्लास नजरेआड ठेवू नका. जीएचबी नावाचा नशेचा द्रव दारूबरोबर पोटात गेला तर माणूस शुद्ध हरपतो, श्वास थांबू शकतो. कोणी कोसळलेलं दिसलं तर भिडेखातर थांबू नका, लगेच बारवर किंवा दारावर सांगा. बाहेर असाल तर ११२ या आपत्कालीन नंबरवर फोन करा.

एकट्या बायकांसाठी: मला पुण्या-मुंबईच्या कुठल्याही पबपेक्षा इथे मोकळं वाटलं. एकदा एक माणूस फार जवळ आला, मी तळवा दाखवला, तो “सॉरी” म्हणून मागे गेला. गेला नसता तर कर्मचाऱ्यांना सांगायचं, ते ऐकून घेतात. स्वच्छतागृहं मात्र सामाईक आहेत, मनाची तयारी ठेवा.

परतीचा एक खड्डा आधीच सांगते. रात्रभर चालणारी रेल्वे फक्त शुक्रवारी आणि शनिवारी. रविवारी रात्री एकच्या सुमारास भुयारी रेल्वे थांबते आणि पहाटे चारनंतर सुरू होते. मधल्या वेळात रात्रीच्या बस. आम्ही साडेअकराला निघालो. मावसभाऊ म्हणाला, “ताई, शेवटची पाळी आता सुरू होतेय!” मी म्हटलं, “तू थांब, मला किल्ली दे.” वार्शाउअर श्ट्रासला फलाफल खाल्लं आणि घरी गेले. कागदी तिकीट काढलंत तर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारायला विसरू नका, नाहीतर साध्या कपड्यातले तपासनीस दंड करतात.

भारतातून थेट येणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो, शुल्क ९० युरो, शिवाय किमान ३०,००० युरोंचा प्रवास-विमा. व्हिसाच्या अपॉइंटमेंटची तारीख उन्हाळ्याआधी बरीच लांबची मिळते, तेव्हा अर्ज लवकर करा. क्लबचा बगीचा उन्हाळ्यातच उघडा असतो, म्हणून मे ते सप्टेंबर मला योग्य वाटतं. थंडीत रांगेत उभं राहणं ही वेगळीच तपश्चर्या.

आणि फार वर्षं पुढे ढकलू नका. २०१६ मध्ये न्यायालयाने बर्गहाइनच्या कार्यक्रमांना मैफलींसारखा कमी कर लावायचा निर्णय दिला, मार्च २०२४ मध्ये बर्लिनचा टेक्नो जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेला, तरी जागांच्या भाड्यांची वाढ काही थांबत नाही. स्प्रेकाठचा वॉटरगेट हा क्लब २०२४ च्या अखेरीस बंद झाला. ए-१०० महामार्ग ओस्टक्रॉइत्सकडे वाढवायची योजना आहे. अबाउट ब्लँक आणि त्याच्या आसपासचे क्लब त्याच पट्ट्यात येतात. तिथला बगीचा मला पुढच्या वेळी बघायचाय, मावसभावाने जूनची तारीख कळवली आहे.