पेटीवरच्या बंदीची गोष्ट ऐकवताना

माझ्या पॉडकास्टचा पहिला भाग मी तीन वेळा रेकॉर्ड केला. पहिल्या वेळी तंबोरा गायब झाला. दुसऱ्या वेळी पेटीने माझा आवाज गिळला. तिसऱ्या वेळी जमलं, पण त्यातही एक चूक राहिली आणि ती मागाहून एका श्रोत्याने दाखवून दिली. हे सगळं सहा महिने चाललं. मराठीत असं काही करावंसं वाटणाऱ्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते आहे.

विषय ठरवायला वेळ लागला नाही. मी सांगलीची. शेजारी मिरज, तिथे सतारमेकरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पेढ्या आणि दर्ग्यातली किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीची संगीतसभा. आमच्या घरात गाण्याइतकीच गाण्यावरची भांडणंही ऐकत मी मोठी झाले. कोणी कोणाला गुरू मानलं नाही, कोणाची चीज कोणी उचलली, कोणाला रेडिओने गाऊ दिलं नाही. त्यातलं सगळ्यात मोठं भांडण माझ्या मते पेटीचं. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओवर हार्मोनियमला बंदी झाली. घराघरात, देवळात, तमाशात, संगीत नाटकात वाजणारं वाद्य सरकारी रेडिओवर चालेना. ही गोष्ट मला सांगायची होती.

माझा धाकटा भाऊ पुण्यात मित्रांबरोबर क्रिकेटवर पॉडकास्ट करतो. सामना संपला की तासाभरात ते बोलायला बसतात, रात्रीच कापाकापी करतात आणि सकाळी लोक कामावर जाताना ऐकतात. "ताई, तू नुसती बोलत जा, नंतर कापू," हा त्याचा सल्ला. त्याच्या गप्पांना ते शोभतं, कारण कालचा सामना ऐकणाऱ्यानेही पाहिलेला असतो. १९४० साली काय झालं ते माझ्या श्रोत्याने पाहिलेलं नाही आणि मीही नाही. मला आधी लिहूनच घ्यावं लागणार होतं.

लिहायला बसले तशी गोष्ट मागे मागे जाऊ लागली. बंदीचा निर्णय झाला तेव्हा रेडिओचे प्रमुख होते बीबीसीतून आलेले लायनेल फील्डन. दिल्ली केंद्रावर पाश्चात्त्य संगीत सांभाळणारे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांनी त्याआधीच हार्मोनियमविरुद्ध लिहिलं होतं. रवींद्रनाथांनाही हे वाद्य नको होतं. म्हणजे साहेबांनी आपल्यावर लादलेली बंदी, इतकी सरळ ही गोष्ट नाही. पेटी मुळात युरोपातली, कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास तिला हाताच्या भात्याचं रूप दिलं आणि ती मांडी घालून बसणाऱ्या गवयापुढे आली. तिच्यावर परकी म्हणून आक्षेप घेणाऱ्यांत एतद्देशीयही होते आणि इंग्रजही.

आणि मग सांगलीचंच नाव समोर आलं. इथले निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांवर, काम केलं, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्यातून स्वर काढून घेऊन मोजले, आणि साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश क्लेमंट्स यांच्या साथीने श्रुती वाजवणारी खास पेटी बनवून घेतली. पेटीला दोष देत बसण्यापेक्षा पेटीच दुरुस्त करू, असा तो विचार. १९१६ साली बडोद्याला संगीत परिषद भरली. तिथे त्या पेटीची परीक्षा झाली आणि संगीतशास्त्रज्ञ भातखंडे व इतर जाणकारांना ती पटली नाही. म्हणजे रेडिओच्या बंदीआधी चोवीस वर्षं हा खटला आमच्याच भागातल्या माणसांनी उभा केला होता. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

भावाच्या एका मित्राने मसुदा वाचून सांगितलं की हे फार शास्त्रीय होतंय, लोकांना लफडी ऐकायला आवडतात, खाँसाहेब आणि ताराबाईंचं सांगा. मी ते लिहूनही पाहिलं. बडोद्याच्या दरबाराशी नातं असलेल्या घरातल्या ताराबाई माने खाँसाहेबांबरोबर निघून आल्या, १९२२ साली मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या आणि मुलांची नावं बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीची हिराबाई बडोदेकर, सकीनाची सरस्वती राणे. चार पानं झाली होती. परत वाचली तेव्हा दिसलं की त्यातली तीन पानं बंद दाराआड काय झालं असेल याचीच आहेत, आणि ते मला ठाऊक असायचं कारण नाही. ती तीन पानं फाडली. उरलेलं पान ठेवलं, कारण नाव बदलणं ही उघड घडलेली गोष्ट आहे आणि त्या मुलांनी पुढे किराणा घराण्याचं गाणं महाराष्ट्रात रुजवलं, हीही. ते पान पुढच्या एखाद्या भागासाठी बाजूला आहे. कुणाच्या संसारावर बोलायचं असेल तर जे त्या माणसांनी स्वतः चारचौघांत केलं तेवढंच बोलायचं, हा नियम मी तेव्हापासून पाळते.

आता मुख्य अडचण. पेटीवरचा मूळ आक्षेप स्वरांचा आहे. तिचं सप्तक १२ सारख्या भागांत कापलेलं असतं, त्यामुळे तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा थोडा चढा लागतो. तिच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, काढता येत नाही, कारण एक पट्टी सोडून दुसरी दाबली की मधली जागा रिकामी. दरबारी रागाचा डोलणारा गंधार तर तिच्या आवाक्याबाहेर. हे मी तोंडाने कितीही सांगितलं तरी ऐकणाऱ्याला काय कळणार? पॉडकास्ट कानांसाठी आहे, तर भांडणाचा पुरावाही कानांनाच द्यायला हवा. मावशीला विचारलं. तिने वीस वर्षं गाणं शिकलेलं आहे. "मी गाते, पण माझ्यापुढे पेटी चांगली हवी, नाहीतर पेटीवर अन्याय होईल," ती म्हणाली. गावभागातल्या भजनी मंडळातले पेटीवाले काका त्यांची जुनी पेटी घेऊन स्वतःच आले. ती पेटी ते दुसऱ्याच्या हातात देत नाहीत.

पहिलं रेकॉर्डिंग आम्ही फोनवरच्या एका फुकट अ‍ॅपमध्ये केलं. मावशीने तंबोरा मिरजेहून नव्या तारा घालून आणला होता, जवारी, म्हणजे तारांची गुंजणारी आस, सुरेख लागली होती. रात्री ऐकलं तर मावशीचं गाणं कोरडं, जणू रिकाम्या खोलीत कोणी एकटंच गातंय. तंबोरा पहिली दोन सेकंदं ऐकू येत होता आणि नंतर विरून गेला होता. दोन दिवस शोधल्यावर कारण कळलं. अशी अ‍ॅप बोलण्यासाठी बनवलेली असतात. पंखा, एसी, गाड्यांची घरघर असा सतत एकसारखा येणारा आवाज ती गोंगाट समजून पुसून टाकतात. तंबोऱ्याचं कामच मुळी सतत एकसारखं वाजत राहणं. यंत्राने त्याला पंखा समजून काढून टाकलं होतं. गाण्याशी संबंधित काही रेकॉर्ड करणार असाल तर आवाज 'सुधारणारी' सगळी बटणं आधी बंद करा. नंतर संगणकावर ऑडॅसिटी या आवाज कापायच्या प्रोग्रॅममध्ये गोंगाट काढायचा असेल तर गोंगाटाचा नमुना तंबोरा सुरू होण्याआधीच्या शांत खोलीचा घ्यावा लागतो. मी आता प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प बसवते, ते यासाठीच.

दुसऱ्या वेळी साधा डायनॅमिक माइक आणला. दिवाणखान्यात भिंतीला गोधड्या टांगल्या, पंखा बंद, फ्रिजही तासभर बंद, आणि शेजारच्या वहिनींना कुकर कधी लावणार ते विचारून वेळ ठरवली. तरी फसलं, कारण पेटी आणि मी एकाच माइकसमोर होतो. भाता जवळून फार मोठा ऐकू येतो. पेटीला दुसरा माइक, आणि तोही पुढून नाही, वरून थोडा लांब, असं काकांनीच सुचवलं. भजनाच्या कार्यक्रमांत माइकवाल्यांशी भांडून ते हे शिकले होते. तिसऱ्या वेळी मावशीने दरबारीचा गंधार गायला आणि काकांनी तोच पेटीवर वाजवायचा प्रयत्न केला. मग उलटं केलं. काकांनी एक वेगवान नाट्यपदाची जागा वाजवली आणि मावशी तिच्यामागे धावली. पेटी कुठे अडते आणि कुठे गळ्यालाही मागे टाकते, ते मला शब्दांत सांगावंच लागलं नाही.

जुन्या तबकड्यांचा प्रश्न वेगळा. आपल्याकडे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं की त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो, म्हणून १९३० च्या दशकातल्या खाँसाहेबांच्या तबकड्या त्या बंधनातून सुटल्या आहेत. गीत आणि चाल यांचा हक्क मात्र वेगळा मोजतात, कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. नाट्यपद वाजवायचं तर कवी आणि संगीतकार दोघांची सालं तपासावी लागतात. मी एका वहीत रकाने आखून हे लिहून ठेवलं. मिरजेच्या एका संग्राहकांनी आपल्या तबकडीवरून आवाज काढून दिला, तरी एका ऑनलाइन मंचावर यंत्राने तो कुणाच्या तरी मालकीचा ठरवून भाग अडवला. वहीतली सालं पाठवली, आठ दिवसांनी सुटला.

भाग चढवणं त्या मानाने सोपं गेलं. होस्टिंगवर, म्हणजे फाइल ठेवायच्या ऑनलाइन जागेवर, फाइल ठेवली की ते एक आरएसएस फीड, म्हणजे भागांच्या यादीचा पत्ता, देतं आणि तो पत्ता अ‍ॅपल, स्पॉटिफाय वगैरेंना एकदाच कळवायचा. चित्र चौकोनी, ३००० पिक्सेलचं. आवाजाची पातळी उणे १६ लफ्सच्या (आवाजाचा मोठेपणा मोजायचं एकक) आसपास ठेवली, म्हणजे ऐकणाऱ्याला दर भागाला आवाज कमीजास्त करावा लागत नाही.

मग आकडा दिसू लागला, पण माणसं दिसेनात. तुमचा भाग किती वेळा उतरवून घेतला ते होस्टिंगवरून कळतं, कोणी घेतला ते नाही. भाऊ म्हणाला, ईमेल घे लोकांचे. मला ते विक्रीचं काम वाटत होतं, पण पर्याय नव्हता. भागाच्या शेवटी म्हटलं की पेटीविषयी काही सांगायचं असेल तर पत्ता कळवा, पुढचा भाग आला की मी लिहीन. ४१ जणांनी कळवला. पहिलं पत्र निम्म्यांच्या स्पॅममध्ये गेलं. माझ्या डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी नव्हत्या. पत्र खरंच आमच्याकडून निघालं आहे याची त्या खूण असतात. भावाने फोनवर बसून त्या लावून घेतल्या. विषयाची ओळही बदलली. "पॉडकास्टचा नवा भाग प्रसिद्ध" याला कोणी हात लावला नव्हता. "दरबारीचा गंधार पेटीवर का लागत नाही?" यावर उत्तरं आली. लांबलचक, आठवणींची, काही रागावलेलीही. रागावलेली बहुतेक पेटीवाल्यांची होती आणि ती मी दोनदा वाचली.

त्यातलंच एक कोल्हापूरकडच्या एका वादकांचं. मी भागात म्हटलं होतं की १९७१ साली बंदी उठली. त्यांनी लिहिलं, "बाई, साथीपुरती उठली. एकट्या पेटीला त्यानंतरही कितीतरी वर्षं रेडिओचं दार बंदच होतं. आमची अख्खी पिढी दुसऱ्याच्या गाण्यामागे बसून गेली." मी परत तपासलं. ते बरोबर होते. गोविंदराव टेंब्यांपासून पी. मधुकर, तुळशीदास बोरकरांपर्यंत एकल पेटीची एवढी परंपरा ज्या महाराष्ट्रात आहे तिथल्या माणसाने हे चुकवायला नको होतं. फाइल बदलता येते, त्याच नोंदीखाली नवी चढवली की पुढे ऐकणाऱ्यांना सुधारलेली मिळते. पण ज्यांनी आधीच उतरवून घेतली त्यांच्या फोनमध्ये चूक तशीच राहते. म्हणून दोन्ही केलं. फाइल बदलली, आणि दुसऱ्या भागाची सुरुवात दुरुस्तीने केली, त्या वादकांची ओळ त्यांच्या परवानगीने वाचून.

तेवढ्याने मला पुरेसं वाटेना. काकांना फोन केला. म्हटलं, काका, या वेळी कोणी गाणार नाही, मी बोलणार नाही, तुम्ही एकट्याने वाजवायचं, हवं ते, हवं तेवढं. पलीकडे थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "साथीला कोण?" कोणी नाही, म्हटलं. रविवारी सकाळी आले, पेटी पुसली, भाता दोनदा हलवून पाहिला आणि भैरवी सुरू केली. गोधड्या टांगलेल्या होत्या, पंखा बंद होता. सहा मिनिटं वाजवलं. दुसरा भाग तिथेच संपतो, पेटीचा शेवटचा सूर आणि भाता मिटल्याचा आवाज, दोन्ही ठेवून.