व्होन-रोमानेचा उतार

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातल्या व्होन-रोमाने या वाइनच्या गावात पाहण्यासारखं काय, तर द्राक्षमळ्यांचा उतार. गाव म्हणजे एक चर्च, चार गल्ल्या आणि बंद दारं. दुकानांची रांग शोधायला जाल तर हिरमोड होईल. दिजों-बोन रेल्वेमार्गावर न्वी-सां-जोर्जला उतरायचं आणि उत्तरेकडे दोन-अडीच किलोमीटर चालायचं. गाडी नकोच. वाइन चाखून गाडी चालवणार असाल तर फ्रान्समध्ये रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे, आणि ती गाठायला फार वेळ लागत नाही.

हमरस्त्याला पाठ करून, पश्चिमेकडे तोंड करून चढायला लागावं. पायथ्याची माती खोल आणि चिकट, पाणी धरून ठेवणारी. तिथली वाइन साध्या दर्जाची. गावामागे मधल्या टप्प्यावर चुनखडी आणि चिकणमाती यांचं प्रमाण जमतं, पाण्याचा निचरा होतो आणि पूर्वेकडचं सकाळचं ऊन मिळतं. ग्राँ क्र्यू हा वरचा दर्जा मिळालेले मळे याच पट्ट्यात आहेत: रोमाने-सां-व्हिव्हां, रोमाने-कोंती, ला रोमाने. आणखी वर, ओ रेन्योच्या तुकड्यात, चढ तीव्र होतो, माती विरळ होते आणि दर्जा लगेच एक पायरी उतरतो. मध्ये फक्त एक वाट. पावसाने खाली आलेली माती शेतकरी पूर्वी टोपल्यांनी पुन्हा वर नेत, यात नवल नाही.

रोमाने-कोंती 1.81 हेक्टर, म्हणजे जेमतेम साडेचार एकर. बुटकी दगडी भिंत, दगडी क्रूस आणि ‘रस्त्यावरच थांबा, मळ्यात शिरू नका’ अशी विनंती करणारी पाटी. लोक क्रूसाचा फोटो काढून निघून जातात. खरं तर वेलीकडे वाकून पाहावं. मांडव नाही, ठिबकच्या नळ्या नाहीत. नाशिककडच्या माणसाला हे आधी डोळ्यात भरतं. खोड गुडघ्याएवढंच, ओळींमधलं अंतर साधारण मीटरभर, हेक्टरी दहा हजारांच्या आसपास वेली. म्हणून इथला ट्रॅक्टर उंच पायांचा, ओळीला दोन्ही बाजूंनी ओलांडून चालणारा. आपल्याकडे एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या. इथे थंडीत वेल झोपते, छाटणी एकच. पाच ते आठ डोळ्यांची एक काडी तारेवर आडवी बांधतात आणि पुढच्या वर्षाच्या काडीसाठी दोन डोळ्यांचा खुंट राखतात. डोळे जास्त ठेवले तर घड वाढतात, पण पिनो न्वार या इथल्या काळ्या द्राक्षाचा रस पातळ होतो.

छाटणीची घाई केली तर डोळे लवकर फुटतात आणि एप्रिलचं दव गोठून पडलं की कोवळे फुटवे काळे पडतात. थंड हवा जड, ती उताराच्या तळाशी साचते. त्यामुळे तिथलं नुकसान जास्त. 2021 च्या एप्रिलमध्ये बर्गंडीत हेच झालं. काही जण छाटणी मुद्दाम मार्चपर्यंत लांबवतात.

रोमाने-कोंतीची मूळची, कलम न केलेली वेल फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीला रसायनाच्या जोरावर तोंड देत 1945 पर्यंत टिकली. युद्धात ते रसायन मिळेना. वेली उपटल्या, 1947 मध्ये या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन मुळांवरची कलमं लावली आणि पुढची वाइन निघाली ती थेट 1952 ची.

चाखायचं म्हटलं तर इथे आगाऊ वेळ घेतल्याशिवाय दार उघडत नाही, आणि सप्टेंबरच्या तोडणीत तर विचारूच नये. त्यापेक्षा न्वी किंवा बोन गाठावं. दुपारी बारा ते दोन सगळं बंद, हे गृहीत धरावं. चाखताना थुंकणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं.

पायात जोर असेल तर उत्तरेला क्लो द वूजोपर्यंत जावं. सिस्टर्सियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी कुंपण घातलेला हा मळा पन्नास हेक्टरांचा, आणि आज मालक ऐंशीच्या आसपास. भिंत एकच असल्यामुळे वरचा निचऱ्याचा तुकडा आणि हमरस्त्याला टेकलेला ओलसर तुकडा, दोन्हींच्या बाटलीवर ग्राँ क्र्यूच छापलं जातं. ही सवलत मला तरी उदारच वाटते. तेव्हा इथली बाटली घेताना मळ्याच्या नावाआधी शेतकऱ्याचं नाव वाचावं आणि त्याच्या ओळी भिंतीच्या कोणत्या टोकाला आहेत ते खुशाल विचारावं.