मध्यस्थाचा चहा

रात्रीची जेवणे आटोपली की अमळनेरच्या आमच्या घरी टीव्हीवर कोणाची ना कोणाची मुलाखत लागलेली असते आणि समोरच्या बाजेवर बसून नाना अडकित्त्याने सुपारी कातरत तिला गुण देत असतात. नाना म्हणजे माझ्या आईचे काका. जन्मभर त्यांनी कोरडवाहू शेती केली, पण तालुक्यात त्यांना ओळखतात ते सोयरीक जमवणारे मध्यस्थ म्हणून. त्यामुळे पडद्यावर एखादी नटी डोळे टिपत आपल्या आयुष्यातले दुःख सांगू लागली की घरातले बाकी सारे तिच्याकडे पाहतात आणि नाना मात्र प्रश्न विचारणाऱ्याकडे पाहत राहतात. "आते हाऊ काय विचारस ते देख," असे ते अडकित्ता थांबवून म्हणतात. पुढचा प्रश्न पुष्कळदा नव्या सिनेमाच्या प्रदर्शनाविषयी असतो. मग सुपारीचा तुकडा जरा जास्तच जोरात तुटतो.

नानांची स्वतःची पद्धत मी लहानपणी त्यांच्याबरोबर हिंडून पाहिलेली आहे. मुलाचे घर पाहायला गेल्यावर ते कधीही शेती किती, पगार किती असे विचारत नसत, कारण त्या प्रश्नांची उत्तरे पाहुणे येण्याच्या आदल्या रात्रीच तयार झालेली असतात, असे त्यांचे म्हणणे होते. ते विचारत, "होळीनंतर विहिरीला पाणी किती दिवस टिकते?" आणि गप्प बसत. एवढ्या साध्या प्रश्नावर मुलाचा बाप आधी पाण्याविषयी बोले, मग मोटारीविषयी, मग मोटारीसाठी काढलेल्या कर्जाविषयी आणि शेवटी त्या कर्जावरून भावाशी झालेल्या वादाविषयी. चहा झाल्यावर नाना पाणी मागण्याच्या निमित्ताने उठून मागच्या दारापर्यंत जात आणि पाणी कोण देते, कोणत्या चेहऱ्याने देते, हे पाहून परत येत. या साऱ्या कौशल्याला एकच अडचण होती. ज्या घरचा चहा प्यायचा त्याच घरातले उणे दुसऱ्या घरी जाऊन सांगायचे आणि तरीही पुढच्या वर्षी त्याच घरी चहाला जायचे, असा तो व्यवहार होता.

सिनेनटांच्या मुलाखती घेणाऱ्या माणसाची गोष्ट मला याहून फारशी वेगळी वाटत नाही. एका बाजूला तारा, दुसऱ्या बाजूला घराघरांतून बसलेले आपण, आणि मधे हा मध्यस्थ, जो ताऱ्याच्या घरचा चहा पितो आणि पगार आपल्या उत्सुकतेवर घेतो. आपल्याकडे दूरदर्शनवर हे काम प्रथम लोकप्रिय केले ते तबस्सुम यांनी. 1972 पासून 1993 पर्यंत चाललेल्या 'फूल खिले हैं गुलशन गुलशन'मध्ये त्या समोरच्या माणसाशी माहेरी आल्यासारख्या बोलत, आणि त्यात काही ढोंग नव्हते, कारण बालकलाकार म्हणून त्या त्याच घरात वाढल्या होत्या. 1951 सालच्या 'दीदार'मध्ये नर्गिसचे बालपण त्यांनीच रंगवले होते. अवघड प्रश्न त्या विचारत नसत. घरातल्या मुलीने घरातले उणे काढायचे नसते, ही रीत त्या दोन दशके पाळत राहिल्या आणि कोणालाही ते खटकले नाही.

उणे काढण्याचे काम तेव्हा छापील मासिकांकडे होते. नारी हिरा यांनी 1971 च्या ऑक्टोबरात 'स्टारडस्ट' सुरू केले, शोभा डे त्याच्या संपादक झाल्या, आणि 'स्टार अँड स्टाइल'मधून देवयानी चौबळ इंग्रजी-हिंदीच्या मिश्र भाषेत असे काही लिहू लागल्या की नट त्यांच्या लेखणीला भिऊ लागले. आमच्या गावात हे अंक सलूनमध्ये येत, तेही दोन-तीन महिने शिळे होऊन, आणि इंग्रजी येत नसतानाही लोक चित्रांवरून भानगडी ओळखत. त्या काळातील सर्वांत मोठे भांडण मात्र कोणत्याही मुलाखतीत नव्हे, तर मुलाखत न होण्यात होते. आणीबाणीत छापखान्यांवर आलेल्या सेन्सॉरशिपमागे अमिताभ बच्चन आहेत असा समज करून घेऊन सिनेमासिकांनी त्यांचे नाव आणि छायाचित्र छापणे बंद केले आणि त्यांनीही पत्रकारांना सेटवर येऊ देणे बंद केले. हा अबोला जवळजवळ पंधरा वर्षे चालला. त्या पंधरा वर्षांत त्यांचे सिनेमे आमच्या टॉकीजमध्ये काय गर्दी खेचत होते ते आठवले, म्हणजे मध्यस्थावाचूनही लग्ने होतात हे नानांना फारसे न आवडणारे सत्य मान्य करावे लागते.

मग दूरचित्रवाणीवर सोफे आले. 1997 मध्ये सिमी गरेवाल पांढऱ्या वेशात, पांढऱ्या खोलीत, इतक्या हळू आवाजात बोलू लागल्या की समोरच्या माणसाला आपण दवाखान्यात आहोत की देवळात, असा संभ्रम पडावा. त्यांच्या गोडव्याची पुष्कळ थट्टा झाली. पण राजकारणात पोलादी म्हणून गाजलेल्या जयललिता त्यांच्यासमोर बसून एका जुन्या हिंदी गाण्याच्या ओळी गुणगुणल्या, हे मी पाहिले तेव्हा त्या गोडव्यामागचे कसब थोडेसे उमगले. विहिरीच्या पाण्याचा प्रश्न असाच हळू आवाजात विचारायचा असतो.

2004 मध्ये करण जोहर यांनी 'कॉफी विथ करण' सुरू केले आणि मध्यस्थाची सगळी अडचण एका झटक्यात उघडी पडली, कारण येथे चहा पाजणाराच प्रश्न विचारणारा होता. ज्या नटांना घेऊन सिनेमे काढायचे त्यांनाच आपल्या सोफ्यावर बसवून खोडकर प्रश्न विचारायचे आणि झटपट उत्तरांच्या फेरीत जिंकणाऱ्याला भेटवस्तूंची टोपली द्यायची, हा प्रकार आमच्या नानांना समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली. "म्हणजे मुलाचा बापच मध्यस्थ?" असे त्यांनी विचारले आणि मला उत्तर सुचले नाही. 2017 मध्ये कंगना रनौत यांनी त्याच सोफ्यावर बसून यजमानांना घराणेशाहीचे झेंडेकरी म्हटले, तेव्हा नानांचाच मुद्दा त्यांनी जरा अधिक रागाने मांडला होता. त्या वर्षी 'नेपोटिझम' हा शब्द आमच्या बसस्टँडवरच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचला, पण तेथे त्याने कोणाला धक्का बसला नाही. खान्देशात अनोळखी मुलाला विचारायचा पहिला प्रश्नच मुळी "कोना पोऱ्या शेस तू?" हा असतो. स्मिता पाटील पडद्यावर कितीही मोठ्या झाल्या, तरी धुळे-शिरपूरकडची जुनी माणसे आजही त्यांचा उल्लेख शिवाजीराव पाटलांची मुलगी असाच करतात, आणि त्यात त्यांना कमीपणा नव्हे तर ओळख सांगायची असते. (याच स्मिता पाटील सिनेमात येण्याआधी मुंबई दूरदर्शनवर बातम्या वाचत असत, हे सांगितल्यावर नानांनी दोन्ही भुवया उंचावल्या होत्या.)

त्या सोफ्यावरचा खरा अपघात 2019 च्या जानेवारीत झाला. हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल हे दोन क्रिकेटपटू तेथे गेले, यजमानांनी खेळीमेळीने बायकांविषयी विचारले, आणि विशेषतः पंड्याने अशा फुशारक्या मारल्या की कार्यक्रमाचा तो भाग पुढे काढून टाकावा लागला. क्रिकेट मंडळाने दोघांनाही निलंबित करून ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावरून परत बोलावले आणि पुढे मंडळाच्या लोकपालांनी प्रत्येकी 20 लाखांचा दंड ठोठावला. उत्तरे त्यांची होती, तेव्हा दंडही त्यांचाच, हे न्यायाला धरून झाले. तरीही माझ्या मनात एक प्रश्न उरतोच. त्या फुशारक्यांवर हसून पुढचा प्रश्न सोपा करून देणारा माणूस कोण होता? आपल्याला आपलीच जबाबदारी वाटली असे जोहर यांनी नंतर सांगितले, पण त्यांची कॉफी थंड झाली नाही. नानांच्या व्यवहारात पाहुणा ओसरीवर जास्त बोलू लागला की मध्यस्थाने खोकायचे असते, एवढे तरी पथ्य होते.

आता खोकण्याच्याही पलीकडचे उदाहरण सांगितले पाहिजे, कारण मध्यस्थ किती घसरू शकतो याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. 20 नोव्हेंबर 1995 रोजी बीबीसीच्या 'पॅनोरामा' कार्यक्रमात मार्टिन बशीर यांनी राजकुमारी डायना यांची मुलाखत घेतली. ब्रिटनमध्ये ती सुमारे 2 कोटी 30 लाख लोकांनी पाहिली आणि "आमच्या लग्नात तिघेजण होतो" हे त्यांचे वाक्य जगभर गेले. बशीर रातोरात मोठे झाले. पुढे 2003 मध्ये मायकेल जॅक्सनवर त्यांनी केलेला माहितीपटही असाच गाजला आणि तितकाच वादग्रस्त ठरला. मात्र डायनापर्यंत पोचण्यासाठी बशीर यांनी तिच्या भावाला बँकेची खोटी विवरणपत्रे दाखवली होती. बहिणीभोवतीच्या माणसांना पैसे चारले जात आहेत, असे त्या कागदांवरून भासावे ही त्यांची योजना होती. ज्या ग्राफिक डिझायनरकडून ते कागद करून घेतले त्यानेच शंका घेतली, तर काम त्याचेच गेले. 1996 मध्ये बीबीसीने अंतर्गत चौकशी करून बशीर यांना प्रामाणिक ठरवले, आणि निवृत्त न्यायाधीश लॉर्ड डायसन यांच्या अहवालाने त्यांचा कपटीपणा स्पष्ट शब्दांत मांडायला 2021 चा मे महिना उजाडावा लागला. तोवर डायनाला जाऊन चोवीस वर्षे होत आली होती.

मी हे नानांना सविस्तर सांगितले. बँकेचे विवरणपत्र म्हणजे काय, हे सांगण्यासाठी मी म्हटले की समजा एखाद्या मध्यस्थाने खोटा सातबारा करून मुलीच्या भावाला दाखवला, तर? नानांनी अडकित्ता खाली ठेवला. त्या रात्री त्यांनी पुन्हा तो उचलला नाही.

बशीर यांच्यासारखे थोडेच. बहुतेकांची फजिती साधीच असते, आणि मला ती पाहायला आवडते. इंग्लंडच्या मायकेल पार्किन्सन यांनी 1971 पासून कितीतरी थोर माणसे बोलती केली, पण 1975 मध्ये त्यांनी हेलन मिरन यांना त्यांच्या अभिनयापेक्षा त्यांच्या शरीराविषयीच आडवळणाने विचारले आणि त्या तरुण नटीने त्यांना सर्वांसमोर सुनावले. 2003 मध्ये मेग रायन त्यांच्यासमोर इतक्या तुटक बोलत होत्या की तुम्ही माझ्या जागी असता तर आता काय केले असते, असे त्यांनी हताश होऊन विचारले. मुलाखत आवरती घेतली असती, असे त्या म्हणाल्या. हल्ली असे काही घडण्याची सोयच उरलेली नाही. सिनेमा यायच्या आधी हॉटेलच्या खोलीत नट बसतो, दाराबाहेर वार्ताहरांची रांग लागते, प्रत्येकाला मोजून काही मिनिटे मिळतात आणि मागे उभा असलेला जनसंपर्कवाला घड्याळाकडे पाहत असतो. रेशनच्या दुकानातही याहून निवांत बोलणे होते.

हे मी इतक्या अधिकाराने लिहितो आहे त्याचे कारण एकदा मीही त्या खुर्चीवर बसलो होतो. दहा-बारा वर्षांपूर्वी जळगावात एका दुकानाच्या उद्घाटनाला मालिकांमधला एक नट आला होता आणि महाविद्यालयात सूत्रसंचालन करीत असे एवढ्या पुण्याईवर त्याची जाहीर मुलाखत घेण्याचे काम माझ्याकडे आले. त्याच्या व्यवस्थापकाने माझ्या हातात एक कागद ठेवला, ज्यावर विचारायचे सात प्रश्न होते आणि खाली लाल शाईने न विचारायच्या तीन गोष्टी होत्या: लग्न, वजन आणि अर्ध्यावर सोडलेली मालिका. मंडप भरला होता. पहिल्या रांगेत नाना धुतलेली टोपी घालून बसले होते. तिसरा प्रश्न पहिल्या कमाईचा होता. नट म्हणाला, "आईला साडी घेतली. पण ती तिने कधी नेसली नाही." लोकांनी पहिल्या वाक्यावर टाळ्या वाजवल्या आणि त्या टाळ्यांत दुसरे वाक्य बुडाले. मला ते स्वच्छ ऐकू आले होते. मी कागदावर नजर टाकली आणि चौथा प्रश्न विचारला, "आमच्या जळगावची केळी आपल्याला आवडली का?"

नानांनी मान खाली घातली ती कार्यक्रम संपेपर्यंत वर केली नाही.

रात्री एका स्नेह्याच्या मळ्यात भरिताचा बेत होता. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली लांबट हिरवी वांगी, ठेचलेली मिरची, कांद्याची पात आणि कळण्याची भाकरी, अशी पंगत जमिनीवर बसली. नट मांडी घालून नीट बसला होता आणि मन लावून जेवत होता. नाना त्याच्या शेजारी होते. बराच वेळ ते काहीच बोलले नाहीत. मग भाकरीचा तुकडा मोडता मोडता त्यांनी सहज विचारले, "त्या साडीचा रंग कोणता होता?"

नटाचा हात ताटातच थांबला. जांभळा, असे तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने तो बोलू लागला तो दहा-पंधरा मिनिटे बोलत राहिला, खालच्या आवाजात, कोणाकडेही न पाहता. शेकोटी विझत आली तरी कोणी उठून काड्या घातल्या नाहीत. पलीकडे फोन पाहत बसलेल्या व्यवस्थापकाच्या कानांवर ते उशिरा गेले. तो घाईने माझ्याकडे वळून म्हणाला, "सर, हे सगळे ऑफ द रेकॉर्ड आहे हं."

मी काही बोलायच्या आत नानांनी भरिताचे पातेले त्याच्या पुढ्यात सरकवले.

"आखो ल्या ना भरीत," ते म्हणाले.