एपीएल कार्ड असूनही सरकारी खर्चाने उपचार: 2020 मधील माझा अनुभव

2020 च्या ऑगस्टमध्ये माझ्या थोरल्या भावाला कोरोनाची लागण झाली, तेव्हा कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या घराला महाराष्ट्राचा नियम तोंडपाठ होता आणि स्वतःच्या राज्याचा ठाऊक नव्हता. घरात लागतात त्या मराठी वाहिन्या मुंबईच्या. त्यामुळे मे महिन्यात महात्मा फुले जनआरोग्य योजना पांढऱ्या रेशन कार्डासह महाराष्ट्रातल्या सर्व नागरिकांना खुली झाली, ही बातमी आमच्यापर्यंत लगेच पोहोचली होती. भावाचा ताप उतरेना आणि धाप वाढू लागली, तसा महाराष्ट्रातल्या चंदगडहून दाजींचा फोन आला की इकडे घेऊन या. पण त्या योजनेला महाराष्ट्रातलाच रहिवासाचा पुरावा लागत होता आणि आमचे रेशन कार्ड, आधार, मतदार ओळखपत्र सगळे कर्नाटकाचे.

शहरातल्या एका खाजगी रुग्णालयाने दारातच अनामत रक्कम मागितली. आमचे कार्ड एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेवरचे, आहे म्हटल्यावर तिथल्या माणसाने योजनेचा विषयच संपवला. त्याचे म्हणणे एरवीच्या नियमाला धरून होते. 'आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक' योजनेत बीपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेखालच्या, कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत मिळतात, तर एपीएल कुटुंबाला ठरलेल्या दराच्या 30 टक्केच मदत, तीही वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत, आणि बाकीचे 70 टक्के घरचे.

खरा नियम आम्हाला सांगितला तो गावच्या आशाताईंनी. कोरोनाच्या रुग्णाला सरकारी यंत्रणेने खाजगी रुग्णालयात पाठवले असेल, तर कार्ड कोणतेही असो, खर्च त्या वेळी सरकार देत होते. मात्र रुग्ण स्वतःहून जाऊन दाखल झाला, तर पैसे त्याचे त्याने भरायचे. जूनच्या सरकारी आदेशात दोन्हींचे दर ठरवून दिले होते. सरकारने पाठवलेल्या रुग्णासाठी साध्या वॉर्डाचे दिवसाला 5,200 रुपये आणि व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागाचे 10,000 रुपये. स्वतःहून येणाऱ्यासाठी हेच दर 10,000 आणि 25,000. याचा अर्थ, कार्डाची अट गेली होती आणि तिच्या जागी सरकारी चिठ्ठीची अट आली होती. धाप लागलेल्या माणसाला घेऊन नातेवाईक जवळच्या दवाखान्याकडे धावतात. त्यांचे पाऊल आधी कोणत्या दारात पडते यावर घर कर्जात बुडणे किंवा वाचणे ठरावे, हे मला त्या वेळीही अन्यायाचे वाटले आणि आजही वाटते.

आशाताईंनी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कार्यालयात फोन केला, भावाला सरकारी दवाखान्यात नेले, तिथे तपासणी होऊन अहवाल आला आणि खाटा शिल्लक नसल्याने दुसऱ्या एका खाजगी रुग्णालयातल्या सरकारी कोट्यातल्या खाटेसाठी चिठ्ठी मिळाली. ती संपूर्ण कन्नडमध्ये होती. शेजारच्या शिकवणी घेणाऱ्या मुलाने मला ती ओळीने वाचून दाखवली, तेव्हा लक्षात आले की रेशन कार्डावर भावाचे नुसते नाव व आडनाव आहे, आधारवर मधे वडिलांचे नावही आहे आणि चिठ्ठीत आडनावाचे एक अक्षरच गळले आहे. दाखल होण्यापूर्वीच मी दवाखान्यातून ती दुरुस्ती करून, शेजारी सही-शिक्का घेतला. रुग्णालयात योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राने पहिल्यांदा तपासले ते नेमके हेच. संगणकावर एपीएल दिसताच त्यानेही 30 टक्क्यांची गोष्ट काढली. पण चिठ्ठी आणि कोरोना तपासणीच्या नमुन्याचा एसआरएफ (नमुना अर्जाचा) क्रमांक समोर ठेवल्यावर त्याने वरिष्ठांना विचारले आणि नोंद बदलली. औषधे बाहेरून आणायला सांगितली, तेव्हाही ती ठरलेल्या दरात धरलेली आहेत का, हे मी त्यालाच विचारत राहिलो. भाऊ बरा होऊन घरी आला. खाटेचे आणि उपचारांचे पैसे आम्हाला द्यावे लागले नाहीत.

आमच्याच गावात दोन घरांनी त्याच महिन्यात दागिने गहाण ठेवून बिले भागवली. त्यांच्याकडेही आमच्यासारखेच कार्ड होते, पण चिठ्ठी घ्यायची असते हे त्यांना कोणी सांगितलेच नाही. भाषिक अल्पसंख्याकांची संख्या 15 टक्क्यांहून अधिक असलेल्या भागात महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, हे देशाने केव्हाच मान्य केलेले धोरण आहे. खानापूर, बेळगाव, निपाणी या तालुक्यांत मराठी माणसे त्याहून कितीतरी जास्त आहेत. योजनेची पात्रता बदलेल त्या दिवशी तिची मराठी सूचना प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे, अशी मागणी मी आमच्या पंचायतीकडे लेखी केली आहे, आणि तिची पोच माझ्याजवळ आहे.