हाक

मॉरिसटाउनच्या रस्त्यांवर हार्नेस, म्हणजे धरायला दांडी असलेला पट्टा, घातलेले कुत्रे दिसणं हे आम्हाला रोजचंच. अंध व्यक्तींसाठी गाइड डॉग तयार करणारी 'द सीइंग आय' ही १९२९ साली सुरू झालेली संस्था न्यू जर्सीतल्या या गावातच आहे. प्रशिक्षक कुत्र्यांना घेऊन बाजारातून फिरतात. गावाच्या चौकातल्या हिरवळीवर संस्थेचे सहसंस्थापक मॉरिस फ्रँक आणि त्यांची कुत्री बडी यांचा पुतळा आहे. एवढं सगळं डोळ्यांसमोर असूनही, सहा वर्षं इथल्या औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काढल्यावरही, मला त्या कुत्र्यांचं काम कळलेलं नव्हतं.

त्या बाई दर महिन्याला यायच्या. साठीच्या, दृष्टी पूर्ण गेलेली, सोबत पिवळसर लॅब्राडोर. औषधांच्या बाटल्या हाताला सगळ्या सारख्याच लागतात, म्हणून मी त्यांना रबरबँड लावून द्यायची. एक बँड म्हणजे सकाळची गोळी, दोन म्हणजे रात्रीची. सांगलीला आमच्या दारात मोत्या होता, त्यामुळे कुत्रा दिसला की माझ्या तोंडून "यू यू" निघतंच. मी काउंटरवरून वाकून त्याच्याशीच बोलायची. आज काय न्यायला आलास, थंडी वाजते का तुला. बाई हसायच्या, आणि त्यांना हे आवडतंय असं मी धरून चालले होते.

जानेवारीतली गोष्ट. रात्रभर बर्फ पडला होता, फुटपाथच्या कडेला गुडघाभर ढीग. बाई औषधं घेऊन गेल्या आणि दोन बँडवाली बाटली काउंटरवर राहिली. मी कोट न घालताच धावले. त्या कोपऱ्यावर उभ्या होत्या, मान किंचित कललेली, गाड्यांचा आवाज ऐकत. त्यांनी "फॉरवर्ड" म्हटलं, आणि त्याच क्षणी मी मागून कुत्र्याला नावाने हाक मारली.

त्याने मान वळवली. बाईंचं एक पाऊल रस्त्यावर पडलेलं होतं. इथे लाल दिवा असला तरी थांबून, बघून उजवीकडे वळायची मुभा असते. तशी वळणारी एक गाडी थांबलीच नाही. कुत्र्याने मान फिरवली आणि तो थेट बाईंच्या गुडघ्यांपुढे आडवा झाला. हार्नेसची दांडी त्यांच्या मुठीत पिरगळली, त्या मागे रेलल्या, टाच बर्फात रुतली. गाडी त्याच्या नाकापासून हातभर अंतरावरून गेली.

मला रडू कोसळलं. बाईंनी आधी त्याच्या अंगावरून हात फिरवला, पाय चाचपले. मग विचारलं, "हाक कोणी मारली?"

"मी. तुमची बाटली राहिली होती."

"माझं नाव तुला माहीत आहे. प्रत्येक बाटलीवर तूच छापतेस. मग त्याला का हाक मारलीस, मला का नाही?"

मला उत्तर देता आलं नाही. आजही देता येत नाही.

दुकानात बसवून मी त्यांना गरम पाणी दिलं आणि त्या बोलल्या. लोकांना वाटतं कुत्रा मला घेऊन जातो, त्या म्हणाल्या. त्याला कुठे जायचं ते ठाऊकच नसतं. वाट माझ्या डोक्यात असते. सिग्नलचा रंग बघून तो निघत नाही. गाड्यांचा आवाज ऐकून कधी निघायचं ते मी ठरवते. त्याने खड्डा, खांब, जिना चुकवायचा. आणि मी "चल" म्हटल्यावर समोर धोका असेल तर माझं ऐकायचं नाही. हे न ऐकणं त्याला शिकवलेलं असतं, आणि माझा जीव त्यावर असतो. दांडी माझ्या हातात आहे तोवर तो कामावर असतो. तेव्हा तू त्याला हाक मारलीस की नुसतं त्याचं लक्ष नाही, माझी नजर तू काढून घेतेस.

त्यांनी आणखी एक सांगितलं, ते मला फार आवडलं. संस्था पहिल्या कुत्र्याचे दीडशे डॉलर घेते, पुढच्यांचे पन्नास. त्याच्या शिक्षणावर होणाऱ्या खर्चापुढे हे काहीच नाही. पण घेते, कारण तो दान म्हणून मिळू नये, हक्काचा असावा. "पहिल्याचा चेक मी स्वतः लिहिला होता," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून दुकानात नवीन माणूस कामाला आला की मी त्याला पहिल्याच दिवशी सांगते. अमेरिकेच्या कायद्यानुसार आपण दोनच प्रश्न विचारू शकतो: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागणारा सर्व्हिस डॉग आहे का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. तेही उघड दिसत नसेल तरच. कागद मागायचे नाहीत, करून दाखव म्हणायचं नाही. आणि बोलायचं ते माणसाशी.

तो लॅब्राडोर आता निवृत्त होऊन बाईंच्या घरीच असतो. परवा त्या नव्या कुत्र्याला घेऊन आल्या, काळा जर्मन शेफर्ड. काउंटरशी येऊन तो त्यांच्या बुटाजवळ बसला, कान ताठ. मी बाईंना नावाने हाक मारली, गुडघा कसा आहे विचारलं, बाटल्या एकेक करून त्यांच्या हातात दिल्या, बँड चाचपू दिले. कुत्र्याचं नाव मी विचारलेलं नाही.