झोपाळ्याची तुळई, २.२ चं पातं आणि २.३ ची नाइफ

मंडळी, तुळई फाडायचं काम अखेर मार्गी लागलं. मधे मात्र असा तिढा पडला होता की सगळं सविस्तर लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे असलंच दहा इंची बेंचटॉप टेबल सॉ, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याचं कापायचं मशीन आहे, आणि पातं घ्यायला गेलो की आपण सगळे "दहा इंची, चाळीस दाती" एवढंच बोलून मोकळे होतो.

लाकूड म्हणजे मिरजेत उतरवलेल्या वाड्याची सागाची तुळई. खिळे काढून झाले, चुंबक फिरवून झाला, एक तोंड आणि एक कड रंध्याने गुण्यात आणून झाली. तिच्या दोन इंच जाडीच्या पट्ट्या फाडायच्या आणि चिकटवून झोपाळ्याचा पाट करायचा. जुनं साग ठणठणीत वाळलेलं असलं तरी दोन इंच उभं फाडताना मशीन धापा टाकतं, त्यात आमच्या सांगलीच्या भागात संध्याकाळी व्होल्टेज पडतं. म्हणून जरा पातळ कापाचं, २४ दाती टीसीटी (दातांना कार्बाइडची टोकं असलेलं) पातं ऑनलाइन मागवलं. पाकिटावर काप २.६ मिमी. जुन्या पात्याचा २.८. काप जितका बारीक तितका भुसा कमी आणि मोटरवरचा भारही कमी, असा साधा हिशोब.

पहिलीच पट्टी वीतभर गेली आणि अडकली. मोटर फिरतेय, पातं फिरतंय, लाकूड हलत नाही. जोर वाढवणं हा अशा वेळचा सगळ्यात वाईट उपाय. लाकूड तसंच धरून स्विच बंद केला आणि पातं पूर्ण थांबेपर्यंत हात काढला नाही.

आता संशयित कोण? पहिला संशय फेन्सवर, म्हणजे लाकूड टेकवून सरळ पुढे ढकलायच्या बाजूच्या आधारावर. फेन्सचं मागचं टोक पात्याकडे झुकलं असेल तर लाकूड मागच्या दातांवर दाबलं जातं, फेन्सकडची कड काळी पडते, आणि तिथूनच किकबॅकची सुरुवात होते. पुढचे दात लाकूड खाली टेबलावर दाबतात, पण मागचे दात वर येत असतात. लाकूड त्यांच्या तावडीत सापडलं की उचललं जातं आणि थेट आपल्याकडे येतं. माझ्या मशिनच्या पाटीवर मिनिटाला ४००० फेरे लिहिलेत. २५४ मिमी व्यासाला दातांचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या घरात जातो. पुण्याच्या हायवेवरही कुणी एवढ्याने जात नाही. तर, डायल गेज काढलं. आधी मायटर स्लॉटशी (टेबलातली पात्याला समांतर खाच) पातं, एकाच दाताला खूण करून पुढे-मागे मोजलं. मग स्लॉटशी फेन्स. दोन्ही ठिकाणी फरक ०.१ मिमीच्या आत. फेन्स निर्दोष.

दुसरा संशय लाकडावर. तुळईत ताण असेल तर कापल्यावर दोन्ही भाग एकमेकांकडे मिटतात आणि पातं चिमटतं. त्यावर जुना उपाय, कापात मागून पाचर सारायची. सारली, तर पाचर सैल! काप पुढून मागून सारखाच उघडा होता. लाकूड मिटत नव्हतं, तरी पुढे सरकत नव्हतं. इथे डोकं चालेना.

मिरजेत एक जुने मिस्त्री आहेत, तंबोऱ्याच्या कामातले. तूनचं लाकूड नुसत्या हाताने चाचपून सांगतात की बोलेल का नाही. त्यांना फोन केला. म्हणाले, "अहो दादा, ती मागची पट्टी काढून टाका की. आमच्याकडं कुठल्याच मशीनला ठेवत नाहीत, लोण्यासारखं जाईल."

मागची पट्टी म्हणजे रायव्हिंग नाइफ, पात्याच्या मागे उभी राहून काप उघडा ठेवणारी. मिस्त्रीकाकांच्या हातासमोर माझा हात काहीच नाही, पण ही गोष्ट मी ऐकणार नव्हतो. गिरणीतल्या मशीनला मागे घट्ट बसवलेला स्प्लिटर असतो, पातं खाली-वर केलं की त्याच्यातलं आणि पात्यातलं अंतर बदलतं, म्हणून लोक वैतागून काढतात ते समजू शकतो. रायव्हिंग नाइफ पात्याबरोबरच वर-खाली होते, पात्याबरोबर तिरकी होते आणि दातांच्या अगदी मागे राहते. तिचं टोक पात्यापेक्षा किंचित खाली असल्याने खाच मारतानाही ती काढावी लागत नाही. परदेशात सॉस्टॉप नावाचं मशीन बोट लागताच काही मिलिसेकंदांत पातं थांबवतं, सगळे त्याच्या गप्पा मारतात. पण किकबॅक त्याने थांबत नाही, म्हणून त्यालाही नाइफ असतेच. माझं स्पष्ट मत, दोनपैकी एकच मिळणार असेल तर मी नाइफ घेईन.

काकांच्या बोलण्यातला उपयोगाचा भाग मात्र वेगळाच निघाला: पट्टी काढली की जाईल, म्हणजे अडतंय ते पट्टीपाशीच. प्लग काढला, कापलेला तुकडा हाताने पात्याच्या रेषेत मागे सरकवला. पात्यापाशी सुळकन गेला, नाइफच्या टोकाला टक्कन थांबला. भिंतीला लागावा तसा.

व्हर्नियर आणला. नाइफवर २.३ कोरलेलं, मोजली तर २.३. नव्या पात्याचा दात टोकाशी मोजला: २.२! रद्दी फळीत उथळ काप घेऊन तोही मोजला, तोच आकडा. पाकिटावरचा २.६ कुठून आला ते त्या विक्रेत्यालाच माहीत. फोटो पाठवले, उत्तर आलं की "सर, सेम साइज आहे, १० इंच."

तर आकडे दोन असतात आणि दोन्ही लागतात. एक दाताच्या टोकाची रुंदी, म्हणजे काप. दुसरा पात्याच्या पत्र्याची जाडी. माझ्या नव्याची १.६, जुन्याची १.८. नाइफ या दोहोंच्या मधे बसली पाहिजे: पत्र्यापेक्षा जाड, कापापेक्षा पातळ. कापापेक्षा जाड असली तर लाकूड अडतं, हे माझं झालं. पत्र्यापेक्षा पातळ असली तर लाकूड अडत नाही, सगळं छान चालल्यासारखं वाटतं, पण लाकूड मिटायला लागलं की ते नाइफच्या आधी पात्यालाच चिमटतं. माझ्या मते हा दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण तो कळतच नाही.

पहिला विचार आला की कोल्हापूरला उद्यमनगरात जाऊन नाइफ ग्राइंडिंगला टाकावी, २.० करावी. कागदावर दोन्ही पात्यांना चालते! जवळजवळ निघालोच होतो. पण २.२ च्या कापात २.० म्हणजे दोन्ही बाजूंना ०.१ ची जागा. नाइफ केसभर सरकली की पुन्हा घासणार. ग्राइंडिंगच्या उष्णतेने ती वाकली तर वेगळंच. आणि कोरलेला २.३ खोटा ठरणार. उद्या हे मशीन कुणाला विकलं तर तो माणूस त्या आकड्यावर विसंबून पातं घेईल. बेत रद्द.

शेवटी नवं पातं परत पाठवलं आणि गावातल्याच दुकानात व्हर्नियर घेऊन गेलो. दुकानदाराने आधी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं, मग स्वतःच चार पाती काढून मोजू लागला. २.८ काप, १.८ पत्रा, २४ दाती, सपाट दाताचं मिळालं. ऑनलाइनपेक्षा महाग, पण हातात घेऊन मोजता येतं याचे पैसे मी आनंदाने देतो.

मोटरचा प्रश्न दातांनीच बराचसा सोडवला. ४० च्या जागी २४ म्हणजे दातांमधल्या खाचा मोठ्या, भुसा बाहेर पडतो. शिवाय लांबलचक पातळ एक्स्टेन्शन काढून २.५ स्क्वेअर मिमीची जाड वायर टाकली आणि काम सकाळी घेतलं. पुश स्टिक हातात, उभा पात्याच्या रेषेबाहेर डावीकडे, आणि पट्टी शेवटपर्यंत एका लयीत. कडेला जळाल्याची रेघ नाही! दोन पट्ट्या कडेला कड लावून उजेडात धरल्या तर फट दिसेना. त्या दिवशी चहा दोनदा झाला.

पुढे क्रॉसकट स्लेड, म्हणजे लाकूड आडवं कापायची सरकती चौकट करायचा बेत होता, तो आता मागे पडला. पट्ट्या फाडताना एक बारीक चिरफळी थ्रोट प्लेटच्या (पात्याभोवतीचं टेबलातलं झाकण) फटीत जाऊन पात्याशी खडखडली, त्यामुळे आधी झिरो क्लिअरन्स इन्सर्ट, म्हणजे पात्याला लागून फट न ठेवणारं झाकण. कुपवाडच्या भंगारातून हायलम (बेकेलाइटसारख्या कडक) शीटचा तुकडा आणलाय, त्याचाच करतो. खालून चालतं पातं वर घेऊन काप पाडायचा, अर्थात इन्सर्टवर पात्यापासून दूर आडवी फळी क्लॅम्प करून. हे लिहिता लिहिता लक्षात आलं की तो काप नाइफसाठी मागेही वाढवायला लागेल, नाहीतर इन्सर्ट बसवायला नाइफ काढावी लागेल आणि मग ती परत बसवायचा आळस होईल. जिगसॉने वाढवावा का फाइलने, हे अजून ठरत नाही. हायलम जिगसॉने कापलं आहे का कुणी? कडा फुटतात का ते सांगा, नाहीतर तुकडा एकच आहे.